'वर्धा दर्शन'मध्ये मगनवाडी कुठे गेली?

माननीय संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या पेपरात मागच्या रविवारी 'एका दिवसात वर्धा दर्शन' असं अर्धं पान आलं होतं. ते पान मी गाडीतच ठेवलं आहे कारण आता पॅसेंजर लोकच मोबाईलवर त्याचा फोटो दाखवतात अन् म्हणतात, भाऊ हे सगळं करून द्या. मी देवळी तालुक्यातला, घरी थोडं वावर आहे, पण पोट चालतं ते सेवाग्राम स्टेशनवरून पाहुणे फिरवण्यावर. पानात सेवाग्राम आश्रमातली गांधीजींची बापू कुटी आहे, गीताई मंदिर आहे, विश्वशांती स्तूप आहे, पवनारचा विनोबांचा आश्रम आहे, वेळ उरला तर बोर धरण आहे. सगळं बरोबर, एकही गोष्ट चुकीची नाही. पण मगनवाडी, म्हणजे वर्ध्यातलं चरख्यांचं संग्रहालय, नाही. गोरसपाक या आपल्या तुपाच्या बिस्किटाचं नाव नाही. वर्ध्याच्या बाजारातल्या एकाही दुकानाबद्दल अक्षर नाही. म्हणून हे पत्र. मोठं झालं तर कापा, फक्त मगनवाडीचं तेवढं कापू नका.

आधी ही 'पॉइंट' नावाची जी भानगड झाली आहे ती सांगतो. पाहुणा गाडीत बसला की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, "किती पॉइंट होतात?" हा असतो. सहा सांगितले तर तो म्हणतो दुसरा गाडीवाला आठ सांगून राहिला. मग आठ करायचे तर आश्रमात वीस मिनिटं, स्तूपावर पंधरा, पवनारला नदीवर पाय बुडवायला दहा, अन् मधात सेवाग्रामला उभारलेल्या मोठ्या चरख्यासमोर सगळ्यांचे वेगवेगळे फोटो, त्यात जाते अर्धा तास. शाळेच्या ट्रिपचं तर विचारूच नका. मास्तर शिट्टी वाजवतात, पोट्टे एका दारातून आत अन् दुसऱ्या दारातून बाहेर, बसमध्ये मोजणी, चला पुढे. घरी गेल्यावर त्या पोराला विचारा काय पाहिलं, तो सांगेल समोसा खाल्ला.

आता बापू कुटीच घ्या. तिथं मोठं काही नाहीच, हीच तर गोष्ट आहे. माती, बांबू, कवेलू. गांधीजी १९३६ च्या एप्रिलात इथं राहायला आले तेव्हा वर्ध्याचे उद्योगपती जमनालालजी बजाजांना अट घातली होती की झोपडीला शंभर रुपयांच्या वर खर्च नको अन् सामान गावातलंच पाहिजे. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं. लोकं येतात, हात जोडतात, अन् जातात. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतून उठवलेली ताडाची झाडं आहेत, ॐ आहे, चरखा आहे, ते पहायला मान जरा वळवावी लागते, ती कोणी वळवत नाही. अन् बापूंच्या ऑफिसातला टेलिफोन! व्हाइसरॉय लिनलिथगोला थेट बोलता यावं म्हणून इंग्रज सरकारनं बसवलेला. अन् त्याच ऑफिसात साप पकडायचा लाकडी चिमटा अन् पिंजरा. तेव्हा भोवती रान होतं, साप निघायचे, मारायचे नाहीत असं ठरलेलं, मग पकडायचे अन् लांब नेऊन सोडून द्यायचे. मी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतो की आत गेल्यावर फोन अन् सापाचा चिमटा शोधा. एवढं सांगितलं की लहान पोरं तर सोडाच, म्हातारे लोकही शोधायला लागतात अन् वीस मिनिटांचा पाऊण तास होतो. म्हणजे लोकांना पहायचं असते हो, कोणी सांगत नाही एवढंच.

तर मगनवाडी. वर्ध्यात कुमारप्पा रोडवर मगन संग्रहालय आहे. वर्ध्यात जन्मलेल्या किती लोकांनी ते आतून पाहिलं असेल हा विचारायचा प्रश्न आहे, पण मी विचारत नाही, भांडण होते. ३० डिसेंबर १९३८ ला स्वतः गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. जागा जमनालालजींची, त्यांचा संत्र्यांचा बगीचा अन् बंगला होता, तो त्यांनी देऊन टाकला. नाव गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधींच्या आठवणीत, ज्यांनी साबरमतीला चरख्यावर सगळी डोकेफोड केली अन् १९२८ मध्ये गेले. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तो इथंच, त्याचं काम पाहायचे जे. सी. कुमारप्पा, शिकलेले अकाउंटंट, विलायतेत अन् अमेरिकेत राहून आलेले, अन् इथं येऊन घाण्याचं तेल, हातकागद, गूळ, मधमाशा असल्या गोष्टींचा हिशेब मांडत बसले. सेवाग्रामला जायच्या आधी गांधीजी राहिले ते याच मगनवाडीत. एवढा सगळा इतिहास अन् स्टेशनपासून गाडीनं थोडकाच रस्ता, तरी आपल्या 'दर्शना'त जागा नाही.

आत काय आहे तर चरखे. चरखा म्हटलं की आपल्या डोक्यात फोटोतला एकच बसलेला असतो, तिथं गेल्यावर कळते की याचं खानदान केवढं आहे. मोठ्या चाकाचा जुना चरखा आहे, हातात फिरवायची टकळी आहे, अन् पेटी चरखा आहे, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा तयार झालेला म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. बंद केला की हातात धरून न्यायची पेटी, उघडला की आत दोन चाकं, मोठं चाक लहान चाकाला फिरवते अन् लहान चाक चातीला (सूत ज्यावर गुंडाळते ती काडी), म्हणजे तुम्ही एकदा हात फिरवला की चात कितीतरी वेळा गरकन फिरते. सायकलच्या दुकानात काम केलेला माणूस असेल तर तो पाच मिनिटं तिथून हलत नाही, मी पाहिलं आहे. मग अंबर चरखा, तो पुढचा, तामिळनाडूतल्या एकांबरनाथांनी बनवला, त्यावर एकापेक्षा जास्त चात्या चालतात.

अन् एक भारी गोष्ट यात आहे ती बहुतेकांना माहीत नसते. १९२९ मध्ये गांधीजींच्या चरखा संघानं जाहीर केलं होतं की सुधारलेला चरखा बनवून द्या, एक लाख रुपये बक्षीस. त्या काळातले एक लाख! अटी अशा की किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासात सोळा हजार फूट सूत, अन् वीस वर्षं टिकला पाहिजे. बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच भेटलं नाही. आता सांगा, कॉलेजच्या पोट्ट्यांना, आयटीआयच्या पोट्ट्यांना ही गोष्ट सांगून त्या चरख्यांसमोर उभं केलं तर ते मोबाईल खिशात टाकतील की नाही? मी गेल्या हिवाळ्यात एका पॉलिटेक्निकच्या ग्रुपला सांगितलं तर ते पेटी चरख्याच्या चाकांचे फेरे मोजत बसले अन् त्यांचे सर मला बाहेर येऊन म्हणाले भाऊ यांना आवरा, पुढचा पॉइंट राहते.

चरख्यांशिवाय तेलाचा घाणा आहे, हातकागद आहे, कुंभाराची अन् शेतीची अवजारं आहेत, वनस्पती तेलावर चालणारा मगन दीप आहे. रॉकेल विकत घ्यायला लागू नये म्हणून केलेला दिवा, आता पहायला गेलं तर एवढासा. काही गोष्टी धुळीत आहेत, काही पाट्या वाचता येत नाहीत, ते खोटं बोलून फायदा नाही. पण मला तर धूळही चालते, काचेच्या पेटीत लाइट मारून ठेवलेल्या वस्तूपेक्षा हे बरं.

मला सगळ्यात जास्त लागते ते वेगळंच. आपण कापसाच्या पट्ट्यातले लोक. ब्रिटिशांच्या काळात हिंगणघाटचा कापूस विलायतेत नावानं ओळखला जायचा. आमच्या घरी पऱ्हाटी आहे, वेचाईच्या दिवसात माझी पोरगी शाळेतून आली की वावरात जाते, बोटं फाटतात तिची. पण तिनं कापसाचा धागा होताना कधी पाहिलाच नव्हता. कापूस गाडीत भरला, जिनिंगवर गेला, काट्यावर भाव पाडून आला, गोष्ट संपली, पुढं त्याचं काय होते ते दुसऱ्या राज्यातल्या लोकांना माहीत. तिला मी मगनवाडीत घेऊन गेलो. तिथल्या एका ताईनं तिच्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, दिला अन् चात फिरवायला लावली. पहिल्या झटक्यात तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. ताई म्हणाल्या, "ओढू नको बेटा, तो येऊन राहिला ना, त्याला येऊ दे, तू फक्त हात मागं ने." मग आला. वीतभर आला, जाडाबारीक, मधात गाठी, पण धागा. पोरगी म्हणे, "बाबा, हा आपल्या वावरातलाच असंन का?" मी म्हटलं असू शकते. नसेलच, पण बापानं काय सांगायचं. नंतर ताईंनी सांगितलं की एका गुंडीत १००० मीटर सूत असते अन् कातणारीला मजुरी त्या गुंडीवर मिळते. पोरीनं लगेच माझ्या मोबाईलमध्ये हिशेब केला की आपल्या अंगातल्या शर्टाला किती गुंड्या लागतील अन् मग गप्पच झाली.

आता दुकानांचं. संग्रहालयातच विक्री आहे, फुलापानांच्या रंगात रंगवलेली खादी असते, किंमत ऐकून पाहुणे आधी तोंड वाकडं करतात. मी म्हणतो आत्ताच कातताना पाहिलं ना, मग करा भाव. बहुतेक जण करत नाहीत. पण रस्त्यानं जी खादीची पाटी लावलेली दुकानं निघाली आहेत त्यांच्याबद्दल लिहायलाच पाहिजे. पुण्याकडचे एक काका काकू होते, त्यांनी माझं न ऐकता अशाच एका दुकानातून दोन कुर्ते घेतले, दुकानदार म्हणे शंभर टक्के हातकताई. गाडीत बसल्यावर काकूंनी शिलाईतून एक धागा काढला अन् मी काडी लावली. सुती धागा असला तर तो कागदासारखा जळते अन् राख बोटात भुरभुर होते. हा तर आक्रसला अन् टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिस्टर. आता पॉलिस्टर मिसळलेली पॉलीवस्त्र खादी आयोगाच्या दुकानातही असते, त्यात चोरी नाही, कारण तसं सांगून विकतात. न सांगता विकणं ही चोरी. खादी म्हणून विकायला २०१३ पासून खादी मार्क लागते, तो विचारा. अन् कपडा उजेडात धरून पहा, हातकताईचा धागा कधीच एकसारखा नसते, कुठं जाड कुठं बारीक दिसते, माझ्या पोरीच्या धाग्यासारखा. साफ एकसारखा दिसला तर मशीनचा समजा. झेंड्याचंही तसंच झालं आहे, ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली अन् मशीनवरचा, पॉलिस्टरचा झेंडा चालायला लागला, आता ऑगस्ट आला की पाहुणे स्वस्तातला झेंडा मागतात अन् खादीच्या झेंड्याला कोणी विचारत नाही. नियम झाला तो झाला, पण वर्ध्यात येऊन पॉलिस्टरचा झेंडा घेणं म्हणजे नागपुरात येऊन डब्यातला संत्र्याचा रस पिणं.

अन् अशा दुकानांसमोरच गाड्या का थांबतात तेही सांगतो, आमच्या लाइनचे लोक चिडतील पण चिडू द्या. कमिशन. पाहुण्यानं घेतलं की गाडीवाल्याला टक्का. सरळ दुकानवाला टक्का देत नाही म्हणून गाडी तिकडे वळत नाही, पाहुण्याला वाटते वर्ध्यात एवढंच एक दुकान आहे. एवढं तरी तुम्ही छापाच.

गोरसपाक मात्र मी सगळ्यांना घ्यायला लावतो. गोरस भांडारात भेटते, गाईच्या तुपातलं जाड बिस्कीट, हातात धरलं तर मजबूत अन् तोंडात टाकलं की विरघळते. पाहायला अगदी साधं, पॅकिंगही साधंच. १९४१ मध्ये जमनालालजींनी सगळे व्यवहार सोडून गोसेवेचं काम घेतलं, गोपुरीत राहिले, अन् वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १९४२ मध्ये गेले. इथली आपली गवळाऊ गाय टिकावी, गाईच्या दुधाला गिऱ्हाईक भेटावं, या सगळ्या खटपटीतून ही दूधतुपाची परंपरा चालत आली आहे. पाहुणे म्हणतात भाऊ याला काही फ्लेवर नाही का, चॉकलेटचा. मी काही बोलत नाही. त्यातल्याच एका बाईंनी बल्लारशाच्या गाडीतून फोन केला होता की डबा संपला, कुरिअरनं पाठवता का म्हणून. तिथंच जवळपासच्या दुकानात वायगावची हळद विचारा, आपल्या समुद्रपूर तालुक्यातली, २०१६ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, भेटला. रंग असा की भाजीला नेहमीपेक्षा कमी टाकावी लागते. फक्त घेताना पाकिटावरचं नाव नीट वाचून घ्या, हळदीलाही नकला निघाल्या.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते बाजारातलं बैलांच्या साजाचं दुकान. नाव नाही लिहीत, जाहिरात होईल. दुकान म्हणजे काय, एक चिंचोळी खोली, छताला गोंडे लटकलेले, लाल पिवळे, अन् भिंतीला घुंगरमाळा, झुली, मठाट्या, मोरख्या, कासरे, वेसणी, एका डब्यात शिंगाला लावायचं बेगड. आत गेलं की सूत अन् चामडं यांचा मिळून एक वास येते. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस तिथं पाय ठेवायला जागा नसते अन् बाकी वर्षभर मालक पेपर वाचत बसलेले असतात, तुमचाच. बैलच कमी झाले, ट्रॅक्टरला कोण मठाटी बांधते. पण गेल्या काही वर्षांत त्यांनी एक केलं, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ठेवायला लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल सजवून नेतात हा आपला विदर्भातला सण, पुण्या मुंबईच्या पाहुण्यांना माहीतच नसते. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला माणसाहून उंच नंदी निघतात, तो तान्हा पोळा पहायला लोक दुरून येतात. तर त्या दुकानात मुंबईची एक लहान पोरगी नंदी घेऊन बसली, चाकं आहेत का पाहिलं, शेपूट हलते का पाहिलं, मग तिनं घुंगरू मागितले, मग झूल मागितली, मग गोंडे, असं करत करत पूर्ण बैल सजवला. मालकानं शेवटी विचारलं, "नाव काय ठेवतं बाई याचं?" तर ती म्हणे ऑस्कर. मालक इतके हसले की पेपर खाली पडला. अन् म्हणाले, "ठेव बाप्पा, पण पोळ्याच्या दिवशी त्याले पुरणपोळी चारजो." तिच्या आईबापाला स्तूप राहिला म्हणून हळहळ वाटत होती, पोरीला काही नाही.

पवनार अन् गीताई मंदिराबद्दल वेगळं लिहीत नाही, ते तुमच्या पानात नीट आलं आहे. फक्त गीताई मंदिरात लोक मंदिर शोधत फिरतात, तिथं छप्पर नाही, मूर्ती नाही, दगडी शिळांवर अठरा अध्याय कोरलेले आहेत, हे आधी सांगितलं तर लोक वाचतील तरी. अन् पवनारला नदीवर पाय बुडवण्याआधी विनोबांना शेत खोदताना सापडलेली भरत रामाच्या भेटीची मूर्ती पहा. तीही घाईत सुटते.

आता मागणं. पहिलं शाळांना. जिल्हा परिषदेच्या असोत की कॉन्व्हेंटच्या, ट्रिपमध्ये दोन पॉइंट कमी करा अन् मगनवाडीला दोन तास द्या, आधी फोन करून सांगा म्हणजे कातणारं कोणी बसलेलं राहील, नाही तर पोट्टे नुसते लाकूड पाहून येतील. सूत कातून पाहणं हे तर पोरांच्या हातून व्हायलाच पाहिजे, कारण यातल्या अर्ध्या पोरांच्या घरी पऱ्हाटी आहे.

दुसरं, पर्यटनवाल्यांना. स्टेशनबाहेर जो मोठा नकाशा लावता त्यात ही लहान ठिकाणं टाका. अन् रस्त्यावर एक बाण तरी लावा, कुमारप्पा रोडवर पाहुणा गल्ली विचारत फिरते अन् विचारलेल्या माणसालाही माहीत नसते, तो सरळ सेवाग्रामला पाठवून देते. पैसा मोठ्या चरख्याला लागला, लागू द्या, फोटो छान येतात. पण त्यातले थोडे धूळ पुसायला अन् पाट्या नव्या करायला लागले असते तरी चाललं असतं.

तिसरं तुम्हाला. पुढच्या वेळी पान काढाल तेव्हा जागेच्या नावासोबत उघडायची बंद व्हायची वेळ अन् सुट्टीचा वार छापा. दुपारी जेवायच्या वेळी कुठं कुलूप असते, आठवड्यातून एक दिवस कुठं बंद असते, हे कोणीच लिहीत नाही, अन् नागपूरहून सकाळच्या गाडीनं आलेला पाहुणा बंद दारासमोर उभा राहून शिव्या मला देते. बैलाच्या साजाचं दुकान तर मालकाच्या मर्जीवर उघडते, त्याचं काही करता येत नाही, पण बाकीच्यांचं फोन करून विचारून घ्या. छापायच्या आदल्या दिवशी विचारा, महिनाभर आधी नको, दिवाळीच्या अन् उन्हाळ्याच्या वेळा बदलतात.

कळावे,
सेवाग्राम स्टेशनवरचा एक गाडीवाला, तुमचा जुना वाचक
ता. देवळी, जि. वर्धा